मागच्या दारातली पहाट : ओव्यांच्या चित्रीकरणासाठी घरी केलेल्या दिव्यांचे एक प्रकरण

मुळशी तालुक्यातील एका जुन्या कौलारू घरात, जात्यावर बसून ओव्या गाणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचे चित्रीकरण करण्याचे काम आम्ही तिघांनी अंगावर घेतले होते. आजींचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले होते आणि त्यांना येणाऱ्या ओव्या त्यांच्या घरातील पुढच्या पिढीला येत नव्हत्या. त्या ओव्या केवळ ध्वनिमुद्रित करून आमचे समाधान होणारे नव्हते. कारण ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते, खुंट्यावरचा हात आणि ओठांवरचा शब्द यांचे नाते पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे ५० मिलिमीटरचे, एफ १.८ छिद्राचे भिंग लावलेला एक जुना कॅमेरा, एक मोबाइल, उसना आणलेला ध्वनिमुद्रक आणि दिव्यांसाठी बाजूला काढलेले पाच हजार रुपये एवढेच होते.

खोलीची परिस्थिती आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यातूनच निघाले. माजघर साधारण बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद होते. भिंती शेणामातीने सारवलेल्या होत्या आणि चुलीच्या अनेक वर्षांच्या धुराने वरचे वासे व कौले काळीभोर झाली होती. एकाच भिंतीला दोन फूट बाय दीड फुटाची गजांची खिडकी होती, समोरच्या बाजूला परसात उघडणारे मागचे दार होते आणि मधल्या खांबाजवळ जाते मांडलेले होते. दिवसा चित्रीकरण करावे हा सर्वांत स्वस्त उपाय आम्हाला सुचला नव्हता असे नाही. मात्र आजी पहाटेच दळायला बसत. उजाडल्यानंतर घरात माणसांचा वावर, परसात कोंबड्या आणि रस्त्यावर दुधाच्या गाड्या सुरू होत. आणि बसवून गायला लावले, तर त्यांना दोन ओव्यांच्या पुढे काही आठवत नसे. त्यामुळे अंधारातच काम करायचे आणि तरीही चित्रात पहाट दिसली पाहिजे, अशी अट आपोआप पडली.

पहिली खेप

पहिल्या खेपेला आम्ही घरी काहीही बनवले नव्हते. मांडवासाठी वापरतात तसे ५० वॉटचे दोन एलईडी फ्लडलाइट एका दुकानातून विकत घेतले आणि ते बांबूला बांधून आजींच्या दोन्ही बाजूंना, जेमतेम दोन फुटांवर उभे केले. खोलीत उजेड भरपूर पडला आणि त्या उजेडावर आम्ही खूश झालो, ही आमची पहिली चूक होती. आजी जात्याशी बसल्या, मूठभर दाण्यांची वैरण जात्यात घातली, दोन फेरे झाले आणि त्या थांबल्या. “डोळं दिपत्यात बाबा. जातंबी दिसंना, ओवीबी आठवंना,” असे त्या म्हणाल्या. आम्ही दिवे थोडे वर केले, थोडे वळवले आणि कसेबसे वीस मिनिटांचे चित्रीकरण करून घेतले.

घरी येऊन ते पाहिले तेव्हा त्यातील एकही दृश्य वापरण्याजोगे नव्हते. दोन दिव्यांमुळे आजींच्या हाताच्या दोन काळ्या, धारदार सावल्या जात्यावर एकमेकींना छेदत फिरत होत्या आणि पिठाचा झरा त्या सावल्यांत सतत हरवत होता. मोबाइलने टिपलेल्या भागात काळसर आडवे पट्टे चित्रावरून हळूहळू सरकत होते. आजींच्या सावळ्या चेहऱ्यावर हिरवट, आजारी छटा आली होती आणि त्यांच्या कपाळावरचे ठसठशीत लाल कुंकू विटक्या तपकिरी रंगाचे दिसत होते. मला सर्वांत जास्त बोचले ते हे कुंकू. अंधाराबद्दल माणूस परिस्थितीला दोष देऊ शकतो. पण समोर असलेला रंग आपल्या दिव्याने मारला असेल, तर तो दोष आपलाच असतो.

दोष वेगळे करणे

हे सगळे “दिवे स्वस्त होते” या एका वाक्यात गुंडाळून टाकता आले असते आणि मग महागडे दिवे भाड्याने आणणे हाच उपाय उरला असता. आम्ही तसे न करता प्रत्येक दोष सुटा करून पाहिला आणि त्याचा फायदा असा झाला की, प्रत्येकाचे कारण वेगळे निघाले.

सरकत्या पट्ट्यांचे कारण विजेच्या प्रवाहात होते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठत असल्यामुळे, दिव्याच्या आतील विद्युतमंडल साधे असेल, तर उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला हे जाणवत नाही. मोबाइलचा संवेदक मात्र चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला जास्त उजेड येतो आणि काहींच्या वाट्याला कमी. शटरचा वेग, म्हणजे प्रत्येक ओळ उजेड टिपत राहते तो वेळ, सेकंदाचा १/५० असला, तर प्रत्येक ओळीला उजेडाचे नेमके दोन ठोके मिळतात आणि १/१०० असला तर नेमका एक. दोन्ही वेळा हिशेब सारखा जुळतो. आमचा मोबाइल सेकंदाला ३० चित्रांवर चालत होता आणि शटर स्वतःच निवडत होता, म्हणून तो हिशेब जुळला नाही. सेकंदाला २५ चित्रे आणि १/५० चे शटर असे हाताने ठरवून दिल्यावर त्याच दिव्याखाली पट्टे जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे हा दोष अर्धा दिव्याचा आणि अर्धा आमचा होता.

रंगाचा दोष पूर्णपणे दिव्याचा होता. पांढरा दिसणारा प्रत्येक उजेड सारखा नसतो. स्वस्त एलईडीत निळा आणि पिवळा भाग भरपूर असतो, परंतु गडद लाल भाग फारच कमी असतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो वस्तूवरून परतून कॅमेऱ्यात येणार कुठून? काही बल्बांच्या खोक्यावर रंगांच्या खरेपणाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, छापलेला असतो. त्या आकड्याचा उपयोग जरूर होतो, पण तो मोजण्याच्या रूढ पद्धतीत आठ फिकट रंगांची सरासरी घेतली जाते आणि गडद लाल रंगाचा त्यात समावेश नसतो. म्हणून ८० हा आकडा छापलेल्या दोन बल्बांखाली कुंकू अगदी वेगवेगळे दिसू शकते.

तिसरा दोष सावल्यांचा होता आणि त्याच्या मुळाशी जायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. दिवा जितका लहान दिसतो तितकी सावलीची कड धारदार होते; दिवा मोठा केला किंवा जवळ आणला की ती मऊ होते. एवढे आम्हाला ठाऊक होते, म्हणून मोठ्या पृष्ठभागाचा दिवा करून तो आजींच्या जवळ ठेवायचा असे आम्ही ठरवूनही टाकले होते. पण चित्रीकरण पुन्हा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. जात्यावर दळणारी स्त्री स्थिर बसत नाही. खुंटा पुढे जाताना तिचे सारे अंग पुढे झुकते आणि परत येताना मागे येते. हा झोका सुमारे एक फुटाचा होता. उजेडाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने, दिव्यापासून ६० सेंटिमीटरवर असलेला चेहरा मागे सरकून ९० सेंटिमीटरवर गेला की त्याच्यावरचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. प्रत्येक फेऱ्याला आजींचा चेहरा उजळत आणि विझत होता! तोच दिवा अडीच मीटरवर असता, तर तेवढ्याच झोक्याने फक्त एक पंचमांशाचा फरक पडला असता, आणि तो खटकला नसता.

म्हणजे सावली मऊ करण्यासाठी दिवा जवळ हवा होता आणि उजेड स्थिर राखण्यासाठी तो दूर हवा होता. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच होता : दिवा दूर न्यायचा आणि त्याच प्रमाणात त्याचा पृष्ठभाग वाढवायचा. अडीच मीटरवरून मऊ सावली मिळवायची, तर प्रकाशाचा पृष्ठभाग माणसाच्या उंचीएवढा हवा, आणि एवढा मोठा दिवा त्या माजघरात मावणार नव्हता.

हा पेच आजींच्या सूनबाईंनी सोडवला, तेही सहज बोलता बोलता. दुसऱ्या खेपेच्या तयारीसाठी खोलीची मापे घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, “मागचं दार उघडं ठेवलं की आत्याबाईंना त्यातनंच दिसतं की. दिवा कशाला लागतोय?” मागच्या दाराची चौकट साडेपाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद होती आणि जात्यापासून तिचे अंतर आठ फूट, म्हणजे जवळपास अडीच मीटरच भरले. आम्हाला हवा असलेला दिवा त्या घराने आधीच बांधून ठेवलेला होता. त्याच्यामागे उजेड उभा करणे एवढेच आमच्या हाती होते.

पेटी

चौकटीत पांढरा मांजरपाट ताणायचा आणि बाहेर परसात, त्याच्यापासून सुमारे चार फुटांवर, बल्बांची पेटी ठेवून तो उजळायचा असे ठरले. पेटीसाठी सुताराकडून सहा मिलिमीटर प्लायवूडचे उरलेले तुकडे आणले आणि ६० सेंटिमीटर लांबीरुंदीची चौकोनी पेटी केली. तिच्या तळाशी तीन ओळींत नऊ होल्डर बसवून प्रत्येकात ९ वॉटचा पिनचा बल्ब लावला. आतून चकाकणारी चांदी न लावता साधा पांढरा डिस्टेंपर दोन हात दिला, कारण चकाकत्या पृष्ठभागावरून बल्बांची प्रतिबिंबे उमटून कापडावर ठिपके पडतात आणि पांढऱ्या खडबडीत रंगावरून उजेड सगळीकडे सारखा पसरतो.

पेटीची खोली ठरवताना आम्ही चुकलो. जागा वाचवण्यासाठी ती २० सेंटिमीटर ठेवली होती. होल्डर आणि बल्ब मिळून पंधरा सेंटिमीटर उंची होत असल्याने तोंडावर लावलेला बटर पेपर बल्बांपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर आला आणि त्याच्यावर नऊ चंद्र उगवल्यासारखे दिसू लागले. दोन बल्बांमध्ये जेवढे अंतर असेल, साधारण तेवढेच अंतर बल्ब आणि कागद यांच्यात राखले तर ठिपके एकमेकांत मिसळतात. आमच्या बल्बांमधले अंतर २० सेंटिमीटर होते, म्हणून पेटीच्या तोंडाला १५ सेंटिमीटर रुंदीच्या जाड पुठ्ठ्याची कड चढवून ते अंतर जुळवले. प्रत्यक्ष चित्रीकरणात हा बटर पेपर आम्ही काढूनच टाकला, कारण उजेड पसरवण्याचे काम चार फुटांवरचा मांजरपाट करतच होता आणि कागद निष्कारण निम्मा उजेड खात होता. तरीही ती कड वाया गेली नाही. तिच्यामुळे परसातला उजेड इकडेतिकडे न सांडता दाराकडेच जात राहिला.

बल्ब निवडण्यात एक संपूर्ण संध्याकाळ गेली आणि ती सार्थकी लागली असे मी मानतो. बाजारातून सहा प्रकारचे बल्ब एकेक आणले आणि प्रत्येकाच्या दोन परीक्षा घेतल्या. पहिल्या परीक्षेत अंधाऱ्या खोलीत बल्ब लावून त्याच्यासमोर पेन्सिल वेगाने हलवायची. उजेड स्थिर असेल तर पेन्सिलीचा सलग, धूसर पंखा दिसतो. उजेड उघडझाप करत असेल तर त्याच पंख्यात पेन्सिलीच्या सुट्या सुट्या काड्या दिसतात. सहापैकी तीन बल्ब इथेच बाद झाले. दुसऱ्या परीक्षेसाठी पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू, चिमूटभर हळद आणि बाजूला आपला तळहात ठेवायचा, तो देखावा दुपारी दारातल्या उजेडात टिपून ठेवायचा आणि मग प्रत्येक बल्बाखाली, श्वेतसंतुलन (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यात करायची जुळवणी) पांढऱ्या कागदावर नव्याने साधून, तोच देखावा टिपून शेजारी शेजारी पाहायचा. हळद जवळजवळ सगळीकडे बरी दिसते. फसवतात ते कुंकू आणि तळहात. उरलेल्या तिनांपैकी एकाच बल्बाखाली कुंकू कुंकवासारखे दिसले. तो इतरांपेक्षा थोडा महाग होता आणि आम्ही त्याचेच एक डझन नग घेतले. त्याचा रंग ६५०० केल्विनचा (उजेड किती पिवळसर वा निळसर ते सांगणारे हे माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर), म्हणजे दुकानदार ज्याला पांढरा म्हणतात तसा होता. उजाडण्याच्या सुमारास आकाशाकडून येणारा उजेडही निळसरच असल्याने, खरी पहाट आमच्या बनवलेल्या पहाटेत मिसळली तरी दोन रंगांचे भांडण होणार नव्हते.

उजेड कमीजास्त करण्यासाठी डिमर लावण्याचा मोह आम्ही टाळला. साध्या घरगुती बल्बांना डिमर मानवत नाही. ते लुकलुकू लागतात किंवा त्यांच्यातून बारीक गुणगुण ऐकू येते, आणि ज्या कामात आवाजच मुख्य आहे तिथे ती परवडणारी नव्हती. त्याऐवजी तीन ओळींना तीन वेगळी बटणे दिली. तीन, सहा किंवा नऊ बल्ब अशा तीन पायऱ्या मिळाल्या आणि पेटी पुढेमागे सरकवून मधल्या पायऱ्याही साधता आल्या.

विजेबद्दल

घरगुती दिव्यांविषयी उत्साहाने सांगताना बहुतेक जण हा भाग दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते तो सर्वांत आधी सांगायला हवा. त्या घराच्या वायरिंगला अर्थिंग नव्हते. माजघराची जमीन आदल्याच दिवशी सारवलेली असल्याने ओलसर होती आणि परस दवाने भिजलेला असणार होता. अशा जागी वायरीचा एखादा उघडा धागा धातूच्या भागाला टेकला, तर त्याला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून वीज जमिनीत उतरते. जात्याजवळच्या खांबाआड एक छोटा दिवाही लपवायचा होता; एका सोबत्याने त्याच्यासाठी तेलाचा रिकामा डबा कापून सुंदर आडोसा केला होता. तो मी वापरू दिला नाही, कारण तो पत्र्याचा होता आणि त्याला जोडायला अर्थची तार त्या घरात नव्हती. त्याच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा आला. तो दिसायला ओबडधोबड होता आणि त्याने काम चोख केले.

पेटीत हाताला लागेल असा धातूचा एकही भाग ठेवला नाही. वायरींचे जोड पिळून चिकटपट्टीने न गुंडाळता स्क्रूच्या कनेक्टरमध्ये आवळले आणि पेटीच्या आतच ठेवले. बाहेर जाणारी वायर आतल्या बाजूला गाठीसारखी अडकवली, म्हणजे कुणाचा पाय अडकून ती ओढली गेली तरी ताण जोडावर येऊ नये. एलईडी बल्ब हाताला फार तापलेला वाटत नसला, तरी त्याच्या मानेशी उष्णता साठते आणि बंद पेटीत त्याचे आयुष्य घटते. म्हणून पेटीच्या मागच्या फळीला वर आणि खाली भोकांच्या ओळी पाडल्या. सगळे दिवे ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर होते, त्याच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी वाट चुकून गळू लागली, की हे उपकरण क्षणात पुरवठा तोडते आणि घराला अर्थिंग नसले तरीही ते हे काम करते. ही जोडणी मात्र आम्ही स्वतः केली नाही. परवानाधारक वायरमनकडून करून घेतली. आरसीसीबी आणि त्याची पेटी मिळून सुमारे सतराशे रुपये लागले. आमच्या एकूण साडेचार हजारांच्या खर्चातील ही सर्वांत मोठी रक्कम होती, आणि त्यात काटकसर करण्याचा विचार मला आजही पटत नाही.

भाराच्या बाबतीत मात्र एलईडीने आम्हाला निश्चिंत केले. नऊ बल्बांचे मिळून ८१ वॉट होतात, म्हणजे प्रवाह एका अँपिअरच्याही आत राहतो. लग्नाच्या चित्रीकरणात वर्षानुवर्षे वापरले गेलेले हजार वॉटचे दोन हॅलोजन लावले असते, तर साडेआठ अँपिअरहून अधिक भार त्या जुन्या वायरिंगवर पडला असता, आणि त्याशिवाय त्यांच्या तापाने आजींना जात्याशी बसवले नसते.

दुसरी खेप

पहाटे साडेतीनला आम्ही परसात पेटी उभी केली. स्टँड विकत घेतला नव्हता. दोन बांबू कैचीसारखे बांधून त्यांच्या पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. दाराच्या चौकटीत मांजरपाट ताणला आणि पेटीच्या तीनही ओळी लावल्या. माजघरात एक फिकट, दिशा असलेला आणि सावल्यांच्या कडा विरघळवणारा उजेड आला. पण जात्याच्या पलीकडची बाजू, म्हणजे कॅमेऱ्याकडे वळलेला आजींचा गाल, पूर्ण काळी राहत होती. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत परतलेला उजेड हे काम आपोआप करतो. इथे धुराने काळी झालेली कौले तो गिळून टाकत होती.

अशा वेळी काय करायचे याचा धडा भारतीय चित्रपटातच आहे. १९५६ साली आलेल्या सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले होते आणि उघड्या चौकात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा आकाशाचा उजेड तिथे आणायचा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणले आणि दिवे माणसांवर न टाकता खालून त्या कापडावर टाकले. परतून आलेल्या उजेडाने ते अंगण खरे वाटले. आमची गरज त्याहून फार लहान होती, पण तत्त्व तेच लागू पडत होते. मांजरपाटाचा उरलेला तुकडा वाशांना सुतळीने बांधून कॅमेऱ्याच्या डोक्यावर छतासारखा ताणला आणि तीन बल्बांची एक छोटी पेटी जमिनीवर, वर तोंड करून ठेवली. तिन्ही बल्ब लावले तेव्हा काळोखाबरोबर पहाटही गेली आणि खोली दुकानासारखी दिसू लागली. एकच बल्ब ठेवला तेव्हा गालाचा उंचवटा आणि सुरकुत्यांची जाळी दिसू लागली, आणि काळोख काळोखच राहिला. भरपूर उजेड म्हणजे चांगला उजेड हा पहिल्या खेपेचा गैरसमज माझ्या मनातून खऱ्या अर्थाने गेला तो या क्षणी.

खांबाच्या खुंटीवर आजींचा कंदील खरोखरच जळत होता, परंतु त्याचा उजेड जात्यापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून खांबाआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, पुठ्ठ्याच्या आडोशात ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा एक लहान बल्ब ठेवला. दाराकडून निळसर आणि कंदिलाकडून पिवळसर असे दोन उजेड पिठाच्या झऱ्यावर भेटत होते. श्वेतसंतुलन या दोन्हींच्या मध्ये, सुमारे ४५०० केल्विनवर, पक्के केले. ते आपोआप ठरू दिले असते, तर कॅमेऱ्याने पहाट आणि कंदील यांतला फरकच पुसण्याची धडपड केली असती. भिंगाचे छिद्र एफ २, शटर १/५०, आयएसओ (कॅमेऱ्याच्या संवेदकाची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ८०० असे मोजमाप ठरले आणि चित्र मुद्दाम किंचित काळोखाकडे झुकलेले ठेवले.

आजी आल्या, मांजरपाटाकडे पाहून “उजाडलं व्हय?” असे त्यांनी विचारले आणि कुणी उत्तर देण्याआधीच त्या जात्याशी बसल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर एकही दिवा नव्हता. त्या पहाटे त्या सलग पंचावन्न मिनिटे गायल्या.

सगळे निर्दोष झाले असे मात्र नाही. पाचच्या सुमारास गावातला विजेचा दाब उतरला. दाराबाहेरची पेटी तशीच जळत राहिली, कारण त्या बल्बांतील विद्युतमंडल दाब कमी झाला तरी प्रवाह स्थिर राखणारे होते, पण खांबाआडचा पिवळसर बल्ब वेगळ्या आणि हलक्या बनावटीचा असल्याने मंद झाला आणि मधल्या सहा मिनिटांत कंदिलाचा उजेड कारण नसताना खाली गेलेला दिसतो. मोठ्या बल्बांच्या निवडीत संध्याकाळ घालवली आणि लहान बल्ब मात्र परीक्षेविना घेतला, त्याचे हे फळ होते. वारा सुटल्यावर मांजरपाट फुगला आणि दोन ओव्यांच्या वेळी सबंध खोलीचा उजेड श्वास घेतल्यासारखा हलला. छोट्या पेटीत पिठाची धूळ साठून बल्बांवर पातळ थर बसला, तोही आम्हाला आवराआवर करतानाच दिसला.

पुढच्या खेपेला मांजरपाटाच्या खालच्या काठात वाळू भरलेली नळी शिवून घेतली, त्यामुळे तो फुगायचा थांबला. छोट्या पेटीच्या तोंडाला बटर पेपरची चौकट आली आणि दर अर्ध्या तासाने ती पुसण्याचे काम एकाकडे सोपवले. खांबाआडचा बल्ब बदलला. तो निवडताना पेन्सिल आणि कुंकवाची बशी या दोन्ही परीक्षा घेतल्या. मोठी पेटी आता सूनबाईंच्या सांगण्यावरून परसातल्या पडवीत, पाळण्याच्या जुन्या कडीला टांगून ठेवली आहे, कारण शेजारच्या आळीतल्या आणखी दोन आजींनी पावसाळा संपल्यावर गायला येण्याचे कबूल केले आहे.